पाहिले, तपासले, रुजू

त्यांच्या टेबलासमोर बसून मी दिवसाला दोनशे-तीनशे वेळा ‘आहे’ म्हणत असे. अडीच वर्षांत किती झाले असतील देव जाणे. त्यातला एकच खोटा होता, आणि नेमका तोच त्यांच्या कानाला खटकला.

‘आहे’ म्हणणं ही माझी नोकरीच होती. मी टाइप केलेला कागद माझ्या हातात, मूळ कागद त्यांच्या हातात. ते मुळातली एकेक ओळ मोठ्यानं वाचणार, मी ती माझ्या कागदावर बोटानं शोधणार आणि ‘आहे’ म्हणणार. मी म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. एकदा मला उचकी लागली. मी पाणी प्यायले, उचकी थांबली, तोवर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत नुसते बसून राहिले. ‘आहे’ आलं तेव्हा कुठं त्यांचा श्वास आणि पुढची ओळ सुटली.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा देऊन मी निपाणीहून बंगळुरात मावशीकडे आले होते. मोठी ऐट होती मला त्या दोन सर्टिफिकिटांची. पण बंगळुरात मराठी टायपिंगला विचारतो कोण? चार महिने घरी बसल्यावर मराठी मंडळाच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली, ‘टंकलेखिका हवी. घाई असलेली नको.’ ती त्यांची.

सिव्हिल कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. जुने मोडी कागद वाचून कोर्टाला देवनागरीत आणि इंग्रजीत उतरवून देणं हा त्यांचा धंदा. कोर्टाच्या यादीत मोडीसाठी त्यांचं एकच नाव उरलं होतं. त्यांची माणसं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आली. “आली ती परत जायचं विसरली,” असं ते सांगायचे. त्यांच्या मराठीत ‘थोडं’ऐवजी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ऐवजी ‘सरी’ इतके मुरले होते की हे शब्द कन्नड आहेत म्हटलं की ते चिडायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हणाले. “सर नको. मी कोणाला शिकवत नाही,” म्हणाले. मग कोर्टातले शिपाई म्हणायचे तसं मीही अण्णा म्हणू लागले.

शिकवत नव्हते म्हणे. पहिल्याच आठवड्यात मी पान काढून ठेवलं आणि म्हणाले, “अण्णा, झालं.”

“काय झालं?”

“हे पान.”

“टाइप करून झालं, वाचून झालं, की ताडून झालं? नुसतं झालं म्हणतीस, मी काय समजू?”

त्या ऑफिसात ‘झालं’ हा शब्दच बंद होता. ‘ओके’ तर कोणी उच्चारलं तरी त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं. काम कुठवर आलंय ते सांगायला त्यांच्याकडे चार लाकडी शिक्के होते, जांभळ्या शाईचे. पहिला ‘पाहिले’. म्हणजे कागदावरून नजर गेली, बाकी जबाबदारी नाही. दुसरा ‘तपासले’. म्हणजे चुका शोधल्या. तिसरा ‘रुजू’. म्हणजे मुळाशी ओळीनं ओळ ताडली आणि दोन्ही जुळले. आणि चौथा ‘मोर्तब’. जुन्या कागदांत मजकूर संपला की खाली छोटा शिक्का उठवायचे, तो मोर्तब. याच्यापुढं कोणी काही लिहायचं नाही, असा त्याचा अर्थ. बाकी तिन्ही शिक्के झिजून गुळगुळीत झाले होते. मोर्तबाचं लाकूड मात्र कोरं करकरीत होतं.

“हा का वापरत नाही?” मी एकदा विचारलं.

“यापुढं काही लिहायचं नाही असं अजून मी काही लिहिलं नाही,” म्हणाले.

बाकीच्या शिक्क्यांना मात्र उसंत नव्हती. रोजचं वर्तमानपत्र, ‘पाहिले’. विजेचं बिल, ‘तपासले’. कोणाच्या लग्नाची पत्रिका आली तर ‘पाहिले’ मारून आमंत्रण देणाऱ्यालाच परत, त्याच्या तोंडावर. एकदा आईनं माझ्यासाठी आलेल्या स्थळाचा फोटो ऑफिसच्या पत्त्यावर पाठवला. मी जेवून येते तो फोटोमागं जांभळा ‘पाहिले’. मी जी भडकले. तर शांतपणे म्हणतात, “तपासायचा तर मुलगा इथं आणावा लागेल.”

करणारा आणि ताडणारा एक नको, हा त्यांचा दुसरा हेका. संध्याकाळी कुलूप ते लावायचे आणि ओढून मी बघायचं. एकदा मी न ओढताच “हो” म्हणाले. जिना उतरलेला माणूस पुन्हा वर चढला, कुलूप उघडलं, परत लावलं आणि माझ्याकडे वळून उभा राहिला. मी ओढलं. “आता हो म्हण,” म्हणाले. गुडघे दुखत होते त्यांचे, तरी.

खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, आमच्या गल्लीत रिक्षा, सायकली, झेरॉक्सचं मशीन, सगळ्यांना झेंडू आणि कुंकू. आम्ही टाइपरायटर आणि शिक्के पाटावर मांडायचो. मी हळदकुंकू घेऊन वाकले की ते हात आडवा घालायचे. “मुठीला लाव. तोंडाला नको, अक्षर बुजतं.” दर वर्षी हेच. मला तेव्हा तो निव्वळ हट्ट वाटायचा.

आणि मग तो कागद आला.

कागद माझ्या मावशीचा होता. मावशी चामराजपेटेत राहायची, सासरच्या जुन्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत. एकोणिसाव्या वर्षी ती विधवा झाली, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी मोडीत एक कागद लिहून दिला होता: सुनेनं या दोन खोल्यांत आणि विहिरीवर हयात असेतो राहावं, कोणी उठवू नये. आता दिराच्या मुलाला ते घर पाडून फ्लॅट बांधायचे होते. काकू नुसती आमच्या मेहरबानीनं राहते, असं त्यानं कोर्टात लिहून दिलं. तिच्यासाठी शहराबाहेर येलहंक्याच्या पुढं कुठंतरी एक खोली बघून ठेवली होती म्हणे. पासष्ट वर्षांची बाई, गल्लीबाहेर एकटी बसमध्ये कधी चढली नव्हती. “इथनं उठवलं तर मी जगायची नाही ग,” असं ती भाजी निवडता निवडता म्हणायची, रडत वगैरे नाही, आज मेथी कडू आहे म्हणावं तसं.

जज्जसाहेबांनी कागद वाचायला अण्णांकडे पाठवला. मी त्यांना लगेच सांगितलं की ही माझी मावशी.

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. “बाहेरची टायपिस्ट बोलावतो. तुला त्रास नको.”

“नको अण्णा, मला जमेल.”

“जमेल?”

“जमेल.”

मी तसं म्हणाले, आणि त्यांनी मानलं. हे मला आजही टोचतं.

दोन दिवस ते त्या कागदावर भिंग धरून बसले. मग हातानं लिहिलेला मसुदा माझ्यापुढं आला. कागदातला मजकूर मावशी सांगायची तसाच होता, शब्दाला शब्द. मला इतका आनंद झाला की मी अर्धं पान भरभर टाइप करून टाकलं. शेवटी त्यांचा शेरा होता. त्यात कागदाची लांबी, रुंदी, शाई, आणि मग शेवटची ओळ: ‘लेखाच्या अखेरीस मोर्तब नाही. कागद खालून कात्रीने कापलेला आहे. लेख पुरा झाला होता किंवा कसे, हे यावरून सांगता येत नाही.’

माझे हात थांबले. एवढीच ओळ पुतण्याच्या वकिलाला हवी होती. तो म्हणणार, हा नुसता मसुदा, सासऱ्यांनी लिहायला घेतला आणि सोडून दिला. कागद सरळ रेषेत कापला होता. मोडी न येणाऱ्या माणसाला तो मुळातच आखूड कागद वाटला असता. कोणाला कळणार होतं?

मी ती ओळ टाइप केली नाही. पान काढलं, सारखं केलं आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. हे सगळं तीन-चार मिनिटांत. विचार करून केलं असं म्हणवत नाही आणि न करता केलं असंही म्हणवत नाही.

ताडणं सुरू झालं. त्यांनी मसुद्यावर पट्टी ठेवली.

“‘चिरंजीव सौभाग्यवती’ हे शब्द खोडून ‘गंगाभागीरथी’ केले आहेत.”

“आहे.”

“‘मागील दोन खोल्या व विहीर.’”

“आहे.”

“‘कोणी उपद्रव करू नये.’”

“आहे.”

खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. माझं बोट ओलं झालं होतं, कागदावर त्याचा डाग पडायला लागला. लांबी आली, रुंदी आली, शाई आली. मी आहे, आहे म्हणत गेले. पट्टी एक घर खाली सरकली.

“‘लेखाच्या अखेरीस मोर्तब नाही. कागद खालून कात्रीने कापलेला आहे. लेख पुरा झाला होता किंवा कसे, हे यावरून सांगता येत नाही.’”

माझं बोट कोऱ्या जागेवर होतं.

“आहे,” मी म्हणाले.

मला वाटतं आवाज नेहमीसारखाच आला होता. पण त्यांनी पट्टी उचलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. खालचं मशीन थांबलं, परत सुरू झालं. मग त्यांनी हात पुढं केला, मी पान दिलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. शिक्क्यांच्या डब्यावर त्यांचा हात गेला, रुजूच्या मुठीवर टेकला, आणि तिथून सरकला. त्यांनी ‘पाहिले’ उचलला. पानावर मारला, सही केली, पान पाकिटात घातलं.

“उद्या अकराला कोर्ट,” एवढंच म्हणाले. कुलूप लावलं. मी ओढलं. त्यांनी माझ्या ‘हो’ची वाट बघितली नाही.

मी बस न पकडता चामराजपेटेपर्यंत चालत गेले. कळलंय त्यांना, नक्की कळलंय, मग बोलले का नाहीत? उद्या सगळ्यांसमोर बोलणार? मावशी दारात तांदूळ निवडत होती. चप्पल काढायच्या आधी मी विचारलं, “मावशी, तो कागद खालून कापलेला का आहे?”

“कापला मीच की,” ती म्हणाली.

मी उंबऱ्यावरच बसले.

“मामंजींचा शिक्का होता खाली, घराण्यातला, देवीचं नाव असलेला. आयुधपूजेला सगळे आपापलं काही मांडायचे. माझ्याजवळ काय होतं? ती कात्री आणि हा शिक्का. दर वर्षी अख्खा कागद काढला की घड्या फाटायच्या. म्हणून तेवढा तुकडा कापून पूजेच्या डब्यात ठेवला. का ग? चुकलं काय?”

तिनं डबा काढून दिला. आत कात्री, जुनी विळी, आणि तळाशी चार बोटं रुंदीचा कागद. चाळीसहून जास्त खंडेनवम्यांचं हळदकुंकू त्यावर थरावर थर बसलं होतं. शिक्क्याचा गोल तेवढा उठून दिसत होता. आतलं एक अक्षर लागत नव्हतं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हा तुकडा मावशीला वाचवू शकत होता. पण कागद कापलेला आहे असं कोणीतरी म्हटलं तरच. ते म्हणणारी एकच ओळ होती आणि ती मी गाळली होती. एवढा राग मला स्वतःचा पुन्हा कधी आला नाही.

सकाळी साडेनवापासून मी कोर्टाच्या व्हरांड्यात डबा घेऊन उभी. अण्णा आले. मी झाकण काढून समोर धरलं आणि तुकड्याची हकीकत सांगितली. ओळीचं मात्र बोलले नाही. त्यांनी तुकडा हातात घेतला नाही, वाकून बघितला.

“हे काल विचारलं असतंस तर काल कळलं असतं,” म्हणाले. “शिक्का खरवडून बघितलास?”

“नाही.”

“बरं केलंस.”

साक्षीला उभे राहिल्यावर त्यांनी आधी पेन मागितलं. टाइप केलेलं पान अपुरं आहे, असं सांगून ती गाळलेली ओळ त्यांनी जज्जसाहेबांसमोर स्वतःच्या हातानं लिहिली आणि खाली सही केली. पुतण्याच्या वकिलाला तर हर्षच झाला. तो उठला.

“तुमच्या बाकी कागदांवर ‘रुजू’ असतं. यावर ‘पाहिले’ का?”

“हे पान रुजू नव्हतं म्हणून.”

“ओळ कोणी गाळली?”

मी मागच्या बाकावर होते. मावशीनं माझा हात धरला होता, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. अण्णांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

“सही माझी आहे,” ते म्हणाले. “जबाबदारीही.”

मग त्यांनी डब्यातला तुकडा टेबलावर ठेवला आणि मोठा कागद त्याला भिडवला. कडा जुळल्या. शेवटच्या ओळीतल्या एका अक्षराचं शेपूट वरच्या कागदावरून निघून खालच्या तुकड्यावर उतरलं होतं. जज्जसाहेब खुर्चीतून उठून वाकले.

“शिक्का वाचता येतो?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

“नाही.”

“म्हणजे कुणाचा ते सांगता येत नाही.”

“नाही येत.”

म्हणा की अण्णा, मी मनात म्हणत होते, सासऱ्यांचाच आहे म्हणा, एक शब्द. ते शब्द निवडत होते.

“वाचता येत नाही आणि नाहीच आहे, या दोन गोष्टी निराळ्या,” ते म्हणाले. “लेखाच्या अखेरीस शिक्का आहे. जिथं असायला हवा तिथंच आहे. त्याच्याखाली कोरं आहे. हे मी ताडलं आहे. एवढं रुजू. पुढचं मला माहीत नाही.”

निकाल चार महिन्यांनी लागला. मावशीला हयात असेतो कोणी उठवू नये, असा. त्या दिवशी तिनं सगळ्या गल्लीला पुरणपोळ्या वाटल्या आणि अण्णांना सात पाठवल्या. डबा रिकामा परत आला, झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘तपासले’.

पण साक्षीच्या त्या दिवशी, कोर्टाच्या पायऱ्या उतरताना, मावशी पुढं गेल्यावर त्यांनी मला विचारलं होतं.

“ती ओळ राहिली की गाळली?”

खरं बोलायला त्यांनी मला वाटच करून दिली होती. मी एवढी घाबरले होते, एवढी लाजले होते, की म्हणाले, “राहिली, अण्णा. नजरचुकीनं.”

“सरी,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताडायला बसलो तेव्हा त्यांनी मूळ कागद माझ्या हातात दिला आणि टाइप केलेला स्वतः घेतला. “तू वाच.” मी ओळ वाचली. त्यांनी बोटानं ती शोधली. “आहे,” म्हणाले. पुढचे अकरा महिने असंच चाललं. एक वाकडा शब्द नाही, कपाळावर आठी नाही, कॉफीही पूर्वीसारखी अर्धी अर्धी. फक्त ‘आहे’ म्हणायचं काम माझ्याकडे पुन्हा आलं नाही. रागावले असते, ओरडले असते, तर बरं झालं असतं. शेवटी मला सोसेना. इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत नोकरी मिळाली, मी राजीनामा टाइप करून दिला. त्यांनी त्यावर ‘पाहिले’ मारलं.

तरी दर दसऱ्याला मी त्यांना पत्र लिहायची. नवी नोकरी, लग्न, मुलगी. चार दिवसांनी माझंच पत्र मला टपालानं परत यायचं. आत उत्तर नाही, एक ओळ नाही. खाली नुसतं जांभळं ‘पाहिले’. नवरा म्हणायचा, विचित्र आहे तुझा म्हातारा. मी म्हणायची, आहेच.

मावशी गेली ती त्याच दोन खोल्यांत, विहिरीकडच्या खिडकीखाली, झोपेत. त्या वर्षी आयुधपूजेला तिचा डबा मी काढला. कात्री होती, विळी होती. तुकड्याची जागा रिकामी होती, तो कोर्टाच्या फायलीतच राहिला होता. मी कात्रीला कुंकू लावलं, हात धुतले आणि पत्र लिहायला बसले. मुलीचं, नवऱ्याचं काही लिहिलं नाही. मावशी गेल्याचं लिहिलं. मग लिहिलं: ती ओळ राहिली नव्हती, मी गाळली. तुम्ही वाचलीत तेव्हा माझं बोट कोऱ्या जागेवर होतं, आणि मी आहे म्हणाले. पायऱ्यांवर तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोलले. बस, एवढंच. पुन्हा वाचलं असतं तर टाकलं नसतं, म्हणून तसंच पाकिटात घातलं.

या वेळी चार दिवसांत आलं नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. वाटलं, फाडून टाकलं असणार. विसाव्या दिवशी पाकीट आलं. त्यांचं अक्षर आता कापत होतं, पत्ता कसाबसा लागत होता. मी उभ्याउभ्याच उघडलं.

माझ्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पेन्सिलीचा ठिपका होता, ताडताना ते द्यायचे तसा. एकही ओळ सुटली नव्हती. सगळ्यांत खाली ‘रुजू’. झिजलेला, ओळखीचा. त्याच्याखाली आणखी एक शिक्का होता. त्याच्या कडा इतक्या धारदार, अक्षरं इतकी स्वच्छ, की तो कोणता ते मला आधी कळलंच नाही. मी तो उठलेला कधी पाहिला नव्हता.

मोर्तब.

मी बसले, खूप रडले. मग त्यांना लिहावं म्हणून कोरा कागद घेतला, पेनचं टोपण काढलं. आणि तसंच परत लावलं. या विषयावर मी त्यांना पुन्हा काही लिहिलं नाही.